ख्मेर शिकायची तर रोमन वही आधी मिटा

पत्र: मी मूळची इचलकरंजीची, टेक्स्टाइल इंजिनिअर. काही महिन्यांपासून कंबोडियात, राजधानी नॉम पेन्हमधल्या एका कपड्यांच्या कारखान्यात क्वालिटी विभाग बघते. करार दोन वर्षांचा आहे. ऑफिसात इंग्रजी चालतं, वरची मंडळी आपसात चिनी बोलतात, शिलाईच्या लाइनवर मात्र सगळ्या मुली ख्मेर बोलणाऱ्या, म्हणजे इथली भाषा. मध्ये एक दुभाष्या आहे, तो रजेवर गेला की मी मुकी. आठवड्यातून तीन संध्याकाळी शिकवणीला जाते. सर इंग्रजी अक्षरांत शब्द लिहून देतात. लिपी फार अवघड, ती नंतर बघू, म्हणतात. पाठ केलेलं वाक्य बोलले की लाइनवरच्या मुली हसतात. दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरं कुठंतरी ओळखीची वाटतात, पण एकही वाचता येत नाही. इथले भारतीय सहकारी म्हणतात, डॉलर आणि इंग्रजीवर भागतंय, कशाला डोकेफोड? दोन वर्षांत खरंच काही येईल का? आणि आधी बोलणं शिकू की लिपी?

उत्तर:

सप्रेम नमस्कार,

आधी लिपी. आणि लगेच.

सरांचा सल्ला वाईट नाही, पण तो मेलबर्नहून किंवा मँचेस्टरहून आलेल्या माणसाच्या सोयीचा आहे. त्याला क आणि ख यांतला फरक धड ऐकू येत नाही, काना-वेलांटी ठाऊक नाही, जोडाक्षर ही कल्पनाच नवी. त्याच्यापुढे पहिल्याच दिवशी लिपी मांडली तर तो पुढच्या आठवड्यात फिरकणार नाही, हे सरांनी पाहिलेलं असणार. तुमचं तसं नाही. तुम्ही पहिलीत बाराखडी घोकलेली आहे. ख्मेर लिपी दक्षिण भारतातल्या पल्लवांच्या लिपीवरून आली, म्हणजे तिचं आणि देवनागरीचं मूळ एकच, ब्राह्मी. अंगकोर बोरेई इथला इ.स. ६११चा शिलालेख हा सालाची नोंद असलेला सर्वांत जुना ख्मेर लेख मानतात. आज वापरात असलेली व्यंजनं ३३, आणि त्यांचा क्रम काय? क ख ग घ ङ, च छ ज झ ञ... थेट आपला. मात्रा अक्षराच्या पुढे, मागे, वर, खाली लागतात. जोडाक्षरातलं दुसरं अक्षर पहिल्याच्या खाली जातं, त्याला तिथं ‘पाय’ म्हणतात. वाक्यात दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, तेवढं सुरुवातीला जाचेल.

रोमनचा तोटा मात्र रोज वाढत जातो. ख्मेर रोमनमध्ये कशी लिहावी याचा सर्वमान्य नियमच रुळलेला नाही. थोरल्या भावंडाला हाक मारायचा साधा शब्द घ्या: कुणी त्यात ओ घालतं, कुणी ए, कुणी मध्येच एक आर. तुमच्या वहीतलं स्पेलिंग एक, दुभाष्याच्या मेसेजमधलं दुसरं, यूट्यूबवरचं तिसरं. शिवाय पी-एच दिसलं की आपणही इंग्रजी वळणाने दातांत ओठ धरतो. तुम्ही राहता त्या शहराच्या नावातला पी-एच हा आपल्या ‘फळ’मधला फ आहे आणि नावाचा शेवट न वर होत नाही, ञ वर होतो: फ्नोम पेञ. देवनागरीत एका फटक्यात लिहून झालं. टिपणं काढायचीच तर पहिले काही आठवडे देवनागरीत काढा.

आता खरी गोम. अक्षरं ओळखीची निघाली म्हणून तुम्ही ती आपल्यासारखी वाचायला जाल आणि कुणालाही काही कळणार नाही. शाळेतल्या व्याकरणात कठोर आणि मृदू व्यंजनं शिकलो होतो, आठवतं? क, ख कठोर. ग, घ मृदू. ख्मेरमध्ये फार पूर्वी मृदू व्यंजनं उच्चारात कठोर झाली. ग चा क झाला, द चा त, भ चा फ. लिहिताना मात्र ती जुन्या जागीच राहिली. फरक कुठं शिल्लक राहिला, तर मागून येणाऱ्या स्वरात. कठोर अक्षरानंतरचा स्वर एका तऱ्हेने उच्चारायचा, मृदू अक्षरानंतरचा तोच स्वर दुसऱ्या तऱ्हेने. म्हणून तिथली मुलं बाराखडी म्हणतात ती साधारण कॉ, खॉ, को, खो, ङो अशी ऐकू येते. तिसरं अक्षर ग च आहे, बोलताना त्याचा ‘को’ होतो.

वहीत एक ओळ काढा आणि त्यावर दोन शब्द लिहा: मुख आणि सुख. दोन्ही ख्मेरमध्ये आहेत, दोन्हींना एकच उकार. म मृदूंच्या गटातला, म्हणून उकार उकारच राहतो: मुक. स कठोरांच्या गटातला, म्हणून उकाराचा ओ होतो: सोक. (शेवटच्या ख मधला ह गळतो.) ‘सोक सबाय’ हे ख्याली-खुशालीचं वाक्य तुम्ही दिवसातून दहादा ऐकत असाल, त्यातला हा सोक. तिसरा शब्द भाषा. यात काना दोनदा आहे. भ मृदू, त्याचा काना ‘इए’. पुढच्या अक्षराला ख्मेरमध्ये स लिहितात, तो कठोर, त्याचा काना ‘आ’. झालं: फिएसा. एकाच शब्दात एकच काना दोन तऱ्हांनी वाचला जातो, आणि का, ते तुम्हाला कळलेलं आहे.

गट लक्षात ठेवायला नवं पाठांतर लागत नाही. प्रत्येक वर्गातली पहिली दोन अक्षरं कठोर, पुढची तीन मृदू. य र ल व मृदूंकडे. स, ह, ळ आणि अ कठोरांकडे. अपवाद एकच, ण. तो कठोरांत जाऊन बसला आहे. ट आणि प या जागांवरची अक्षरं मात्र ड आणि ब अशी उच्चारतात, तीही श्वास किंचित आत ओढून. म्हणून पुण्याचं तिथं ‘बोन’ होतं आणि त्याचा अर्थ सण-समारंभ. गट बदलायला वर द्यायच्या दोन खुणा आहेत, अक्षर मुकं करायची एक आहे, त्या यथावकाश येतील. इंग्रजी बोलणाऱ्याला इथं ३३ अक्षरांचे गट एकेक करून घोकावे लागतात. तुम्हाला वर्गांचा तक्ता झोपेतही म्हणता येतो.

स्वरांच्या जोड्या सरांकडून म्हणवून घ्या आणि मोबाइलवर रेकॉर्ड करा. कागदावर त्या नीट उतरत नाहीत, मी इथं लिहितोय तेही अंदाजेच. दुसरी वेलांटी मृदूनंतर ई, कठोरनंतर जवळपास ‘अय’. म्हणून बाईसाठीचा शब्द लिहितात ‘स्री’ आणि म्हणतात ‘स्रय’. एक स्वर आपल्याकडे अजिबात नाही: पाण्याच्या शब्दातला, ‘तुक’ आणि ‘तिक’ यांच्या अध्येमध्ये कुठंतरी. ऊ म्हणायची तयारी करा आणि ओठ गोल न करता तसेच पसरट ठेवा. आरशासमोर जमतो.

मग रविवारी पाट्या वाचत हिंडा. बँकेच्या पाटीवर अक्षरं लावलीत तर निघेल धनागार. आता गटांचा नियम चालवा: ध चा ‘थो’, ना चा ‘निए’, गा चा ‘किए’, शेवटचा र शहरी बोलण्यात मुका. थोनिएकिए! मेडिकलच्या दुकानावर औषधस्थान लिहिलेलं असतं. मोठ्या हॉटेलावर भोजनीयस्थान, विमानतळावर आकाशयानस्थान. टेलिफोन म्हणजे दूरशब्द. हॉस्पिटलच्या नावात मंदिरही आहे आणि वैद्यही. आठवड्याचे वार आदित्य, चंद्र, अंगार, बुध, बृहस्पती, शुक्र, सौरि. अंगारकीचा उपास करणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला मंगळवार पाठ करावा लागू नये. कंबोडियातल्याच संभोरच्या एका शिलालेखात ६०५ हे साल कोरलं आहे आणि त्यातलं शून्य जगातल्या सर्वांत जुन्या लिखित शून्यांपैकी एक गणलं जातं. ते साल शकाचं आहे, आपल्या पंचांगावर असतो तोच शक. इसवी सनात ६८३.

एवढं सापडलं की माणसाला चेव येतो आणि तो भेटेल त्याला सांगत सुटतो, हे तर आमचंच! तेवढं टाळा. हजार-दीड हजार वर्षं वापरलेला शब्द त्यांचाच झाला. शिवाय या चेवाला फसू नका, कारण हे सगळे शब्द पाट्यांवरचे, कचेरीतले, विहारातले, बातम्यांमधले आहेत. तुमच्या लाइनवर त्यांतले फार थोडे भेटतील. कामगाराला ‘कम्मकर’ म्हणतात आणि कारखान्याच्या शब्दात चक्र आहे, ‘रोङ चाक’. पण त्या छपराखाली पाऊल टाकलं की रोजची ख्मेर सुरू. सुई म्चुल, दोरा अंबॉह, कात्री कन्त्रय, बटण लेव, शर्ट आव, पँट खाओ. बिघडलं, खराब झालं याला ‘खोउच’. हा शब्द क्वालिटीवाल्या बाईला पगारापेक्षा जास्त वेळा लागेल. भात बाय, मासा त्रय, बाजार फ्सार. यातलं जवळजवळ काहीच संस्कृतातून काढता येणार नाही, रट्टाच मारायचा.

तोंडाला मात्र मराठीची सवय उपयोगी पडते. जेवणातल्या पदार्थाला म्होउप म्हणतात आणि पपईला ल्होङ. ‘म्हैस’ आणि ‘म्हणून’ म्हणणाऱ्या जिभेला ‘म्होउप’ काय जड? इंग्रजी बोलणारा तिथं मध्ये एक स्वर घुसडतोच. आपल्याकडे ङ आणि ञ हे तक्त्यात जागा अडवून बसलेले. इथं ते शब्दाच्या तोंडाशी येतात. जेवणं म्हणजे ञाम, सोपं म्हणजे ङिएय. ‘ञाम बाय हय नव?’ हा प्रश्न दुपारी कुणीही कुणालाही विचारतं, ‘जेवलात का?’ इतक्याच सहजपणे. उत्तराची फार वाट बघत नाहीत, हेही आपल्यासारखंच. च आपल्या ‘चहा’तला, ‘चमच्या’तला नको. शब्दाच्या शेवटचे क, त, प तोंडातच अडवायचे, बाहेर सोडायचे नाहीत. थाई किंवा व्हिएतनामीसारखे सूर ख्मेरमध्ये नाहीत, हे केवढं मोठं सुख आहे ते बँकॉकमधल्या एखाद्या मैत्रिणीला विचारा.

व्याकरणावर वेळ घालवू नका. क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलत नाही, लिंगाप्रमाणे बदलत नाही, काळाप्रमाणेही नाही. झालं-होणार हे छोटे वेगळे शब्द सांगतात. विशेषण नामाच्या मागून येतं. आकडे पाचावर चालतात: एक मुय, दोन पी, तीन बय, चार बुअन, पाच प्राम, आणि सहा म्हणजे प्राम-मुय, पाच-एक. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत कधीतरी अडखळलेल्या कुणाही मराठी माणसाला हे न्याय्यच वाटेल. इथलं चलन रिएल आणि डॉलर, दोन्ही एकाच गल्ल्यात फिरतात, डॉलरला साधारण चार हजार रिएल, त्यामुळे हजारांचे आकडे भाजीवालीच पक्के करून घेईल.

जिथं खरोखर वेळ घालवायचा ती गोष्ट तुमच्या पत्रात आलेलीच नाही. ‘तू’ आणि ‘तुम्ही’ म्हणायला इथं सरसकट चालेल असा शब्द शोधू नका. समोरच्याला नात्यानेच हाक मारायची. थोडी थोरली असेल तर बाङ, धाकटी असेल तर ओउन. आईवडिलांपेक्षा लहान वयाच्या बाईला मीङ, पुरुषाला पू. आईवडिलांहून मोठ्या दोघांनाही ओम. म्हातारीला येय, म्हाताऱ्याला ता. आपण कंडक्टरला दादा आणि भाजीवालीला मावशी म्हणतोच, पण इथं आणखी एक पाऊल पुढं आहे: स्वतःलाही तसंच म्हणायचं. तुमच्यापेक्षा लहान मुलीशी बोलताना ‘मी बघते’ऐवजी ‘बाङ बघते’. म्हणूनच पहिल्या भेटीत कुणी वय विचारलं तर भोचकपणा समजू नका. तुम्हाला हाक कशी मारायची ते त्यांना ठरवायचं असतं. बाङ-ओउन ही जोडी नवरा-बायको आणि प्रेमिकांचीही आहे, तेव्हा पुरुष सहकाऱ्यांशी बोलताना पद किंवा ‘लोक’ हा आदराचा शब्द बरा. होकार बाईचा वेगळा, पुरुषाचा वेगळा: बाईने ‘चाह’, पुरुषाने ‘बात’. तुम्ही कामावरची ख्मेर पुरुष दुभाष्याकडून उचलत असाल, तर मुली कशाला हसतात त्याचं एक कारण इथंच सापडेल.

जेवण्याचे शब्दही माणूस बघून बदलतात. रोजचं ञाम, खेड्याकडं होउप, पाहुण्याला आदराने पिसा, भिक्खूंसाठी छान, राजासाठी साओय, आणि ‘सी’ जनावरांसाठी किंवा अगदी जिगरी दोस्तांत. १९७५ ते १९७९ या काळात ख्मेर रूज या क्रूर कम्युनिस्ट गटाच्या राजवटीत हा सगळा डोलारा सक्तीने मोडला होता. सगळ्यांनी सगळ्यांना ‘मित’, म्हणजे मित्र, कॉम्रेड म्हणायचं. आदराची रूपं बंद. ती वर्षं काढलेली माणसं अजून आहेत. तुमच्या लाइनवरच्या पोरी त्यानंतर जन्मलेल्या, पण त्यांच्या घरी आजी आहे. नात्याची हाक बरोबर मारली की वातावरण एकदम सैल होतं, त्याला ही पार्श्वभूमी आहे. आणि त्या काळाबद्दल आपण होऊन विचारायचं नाही, त्यांनी काढलं तर ऐकायचं.

हसण्याचं म्हणाल, तर रोमनवरून पाठ केलेला स्वर चुकला की शब्दच दुसरा होतो, हसू येणारच. त्यावर उपाय सोपा आहे. हातात सुई घ्या आणि विचारा, ‘नीह के हाव था अय?’ याला काय म्हणतात? मग त्या मास्तरीण, तुम्ही विद्यार्थिनी. एका शिफ्टमध्ये एकच वस्तू विचारा, दुसऱ्या दिवशी तीच त्यांना म्हणून दाखवा. सरांकडं न मिळणारे धाग्या-टाक्यांचे शब्द असेच मिळतील. इथं एक गंमतही कळेल. राजधानीच्या बोलीत र गळतो किंवा त्याचा ह होतो; शिकणं म्हणजे ‘रिएन’, तर इथले लोक म्हणतात ‘हिएन’, आणि मासा त्रयचा ‘थय’ होतो. कपड्यांच्या कारखान्यांतल्या बऱ्याच मुली प्रेय वेङ, स्वाय रिएङ, काम्पोङ चाम, ताकेओ अशा प्रांतांतून आलेल्या असतात. एकच शब्द सरांकडून एका तऱ्हेचा आणि लाइनवर दुसऱ्या तऱ्हेचा ऐकू आला तर दोघांपैकी कुणीच चुकत नसतं. तुम्ही पुस्तकी र म्हणा, तो सगळीकडे कळतो.

दोन वर्षांत काय येईल? अमेरिकी परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था इंग्रजी बोलणाऱ्याला ख्मेर कामापुरती यायला सुमारे ११०० तासांचे वर्ग धरते; हिंदीलाही ती तेवढेच धरते. तुम्ही आठवड्याला तीन तास धरलेत तर दोन वर्षांत तीनशेच्या आसपास जाल. मराठीमुळे लिपीत आणि उच्चारांत तुमचा वेळ वाचेल, शब्दांत फारसा नाही. तेव्हा वर्तमानपत्र वाचायची आस धरू नका. लाइनवर दुभाष्याशिवाय टाका उसवून दाखवून बोलणं, बाजार, रिक्षा, घरमालकीण, पाट्या, फोनवरचे छोटे मेसेज, एवढं नक्की येईल, आणि ते कमी नाही. सहकारी म्हणतात तसं डॉलर-इंग्रजीवर भागतं, हे खरं आहे. त्यांचं भागतं ते दुकानात. शिलाई तिरकी का जातेय, मशीनमुळे की टार्गेटमुळे, हे जिच्या हातात कापड आहे ती दुभाष्यामार्फत सांगेलच असं नाही. तो बहुधा ऑफिसचा माणूस असतो, आणि त्यालाही नोकरी टिकवायची असते.

एक तारीख कॅलेंडरवर खूण करून ठेवा: सप्टेंबर-ऑक्टोबरात येणारा फ्चुम बेन. भाद्रपदाच्या वद्य पक्षातले पंधरा दिवस, पितरांना अन्न द्यायचे. ‘बेन’ म्हणजे पिंड. आपला पितृपंधरवडाच. शेवटच्या दिवसांत शहर रिकामं होतं, सगळ्या गावी जातात. परतल्यावर कोण कोणत्या विहारात गेलं, भाताचे पिंड कुणी वळले, आजी काय म्हणाली, हे त्या आपसात सांगत असतात. तोवर हाका आणि शे-दोनशे शब्द तयार असले तर त्या गप्पांत बसता येईल, आणि तुमच्या घरी काय करतात हे विचारलं जाईल, तेव्हा सांगायला तुमच्याकडे भरपूर असेल.

राहिला सरांचा प्रश्न. शिकवणी सोडू नका, फक्त तीनपैकी एक संध्याकाळ लिपीसाठी मागून घ्या. पहिलीच्या मुलांचं ख्मेर वाचन-पुस्तक बाजारातून आणून त्यांच्यापुढे ठेवा आणि म्हणा, मला यातूनच शिकवा; पुस्तक समोर आलं की नाही म्हणणं जड जातं. ऐकण्याच्या सरावाला त्याच अमेरिकी संस्थेचे जुने ख्मेर पाठ ध्वनिफितींसह इंटरनेटवर फुकट मिळतात, वाक्यं जुनाट आहेत पण उच्चार स्वच्छ. शब्दकोशाला चुओन नाथ या बौद्ध संघराजांचा कोश प्रमाण मानतात, १९३८ पासूनचा. तो ख्मेरमधून ख्मेरमध्ये आहे, त्यामुळे पहिलं वर्ष त्याच्या वाटेला जाऊ नका. आणि सर अगदीच बधले नाहीत, तर रॉयल युनिव्हर्सिटी ऑफ नॉम पेन्हमध्ये परदेशी लोकांसाठी ख्मेरचे वर्ग चालतात, तिथं चौकशी करा. फी भरण्याआधी एवढं विचारून घ्या, की पहिल्या महिन्यात लिपी शिकवता ना?